संगणकाचे पहारेकरी

'कुलूप' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतला 'कुफ्ल' आणि मराठीतले 'कुलूप' हे एकाच घराण्यातले शब्द. 'पहारा' आणि 'खबरदार' हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. घर, दुकान, गोदाम कसे राखावे, हे आपल्या माणसांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पण आता पैसा पेटीत राहत नाही. तुमसरच्या शेतकऱ्याचे धानाचे पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात. मोहाडीच्या विणकराला कोसा साडीचे पैसे मोबाइलवरून मिळू शकतात. खाते म्हणजे संगणकात लिहिलेला एक आकडा. त्या आकड्याला लोखंडी कुलूप कसे लावणार?

संगणकातील माहिती व पैसा राखण्याच्या या विद्येला सायबर सुरक्षा म्हणतात.

हे कुलूप तुटले म्हणजे काय होते, ते पुण्यात दिसले. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. पण दरोडेखोर बँकेत आलेच नाहीत! आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र बँकेच्या संगणकाला विचारते, "या खात्यात पैसे आहेत का?" संगणक 'हो' म्हणाला, तरच नोटा बाहेर येतात. चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा बसवली. ती प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणू लागली. मग बनावट कार्डे घेतलेल्या माणसांनी २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ना दार फुटले, ना भिंत.

अशा चोरांना अडवणारी माणसे कोठे तयार होतात? तुम्हांला वाटेल, परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांत. पुण्याच्या काटकर बंधूंची गोष्ट ऐका. थोरले कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले. ते कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करत. पुढे ते संगणकही दुरुस्त करू लागले. धाकटे भाऊ संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकले. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक संगणकांत 'व्हायरस' सापडत. व्हायरस म्हणजे काम बिघडवणारा, लपून शिरणारा प्रोग्राम. संजय यांनी तो शोधून काढून टाकणारा प्रोग्राम लिहिला. १९९५ साली तो 'क्विक हील' या नावाने बाजारात आला. एकाला बिघाड ओळखता येत होता, दुसऱ्याला प्रोग्राम लिहिता येत होता. दोघांपैकी एकटा असता, तर हे काम झाले असते असे मला वाटत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यात तर आणखी वेगवेगळी माणसे हवीत. कारण चोर दर वेळी संगणक फोडत नाही. पुष्कळदा तो माणसालाच फसवतो. समजा, लाखांदूरच्या एका आजीला फोन आला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणतो, "आजी, तुमचे खाते आज बंद होणार आहे. मोबाइलवर आकडे आले असतील, तेवढे सांगा." आजी घाबरते आणि सांगून टाकते. ते आकडे म्हणजेच तिच्या खात्याची किल्ली! आता या आजीला इंग्रजी पुस्तिका देऊन काय उपयोग? तिला झाडीबोलीत समजावणारे कोणीतरी पाहिजे. कोणाला उर्दूत सांगावे लागेल, कोणाला गोंडीत. हे काम फक्त गणितात पहिल्या येणाऱ्या मुलांचे आहे, असे समजणे चूक आहे. अब्बांच्या मोबाइलवर आलेला मराठी संदेश वाचून दाखवणारी मुलगी या कामाची सुरुवात घरातच करत असते.

पुढचे शिक्षण महाविद्यालयांत मिळते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची संगणकाची पदविका घेता येते. तेथून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर संगणकशास्त्राची पदवी घेता येते. आपल्या जिल्ह्यात साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि शहापूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात आणखी एक चांगली पद्धत सुरू झाली आहे. क्विक हीलच्याच संस्थेच्या एका उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सायबर सुरक्षा शिकवतात आणि हे विद्यार्थी शाळांत जाऊन लहान मुलांना शिकवतात. शिकवल्याने विषय पक्का होतो, हे तर आपले शिक्षकही सांगतात!

आता त्या आजीकडे वळू. पैसे गेले, हे तिच्या नातवाच्या लक्षात आले. त्याने ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन केला पाहिजे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवत असतात. तक्रार लवकर झाली, तर बँकांना ते वाटेतच अडवता येतात. उशीर झाला, तर ते कोठल्या तरी एटीएममधून निघून जातात. नातवाने फोनवर आजीचा खाते क्रमांक, रक्कम आणि वेळ सांगावी. मोबाइलवर आलेला संदेश मात्र पुसून टाकू नये. पोलिसांचा शोध तेथूनच सुरू होतो.