गढूळ पाण्याचा हिशेब

पहिल्या जोरदार पावसानंतर ओढ्याला चहाच्या रंगाचे पाणी येते. आपण म्हणतो, ‘पाणी गढूळ आले.’ पण तो रंग कुणाच्या तरी शेतातल्या मातीचा असतो. किती माती गेली असेल? एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी १० घनमीटर माती गेली. घनमीटरला १.३ टन वजन धरले, तर ती १३ टन भरते! शेताकडे पाहून हा फरक कळतही नाही. मात्र खडकापासून तेवढी माती पुन्हा तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात.

धुपेची सुरुवात वाहत्या पाण्यापासून नव्हे, तर थेंबापासून होते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघडे ढेकूळ फुटते. सुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, उताराने वाहू लागते. त्याचा वेग दुप्पट झाला, की ऊर्जा चौपट होते. आधी ओघळी पडतात, पुढे त्यांच्या घळी होतात.

म्हणजे कामे दोन : थेंबाचा मारा अडवणे आणि वाहत्या पाण्याचा वेग मोडणे. दुसरे काम समपातळीवरचे चर आणि बांध करतात. ते माथ्याकडून पायथ्याकडे करत यावे लागतात. नाहीतर वरून येणाऱ्या लोंढ्याने खालचा बांध फुटतो. पण वरची जमीन उघडीच राहिली, तर चर काही पावसाळ्यांतच गाळाने भरून जातात. त्यांना टिकवते ते गवत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘झाडे लावा, धूप थांबेल’ हे अर्धेच खरे आहे. उंच झाडाच्या पानांवर पाणी साठून मोठे थेंब बनतात आणि सात-आठ मीटरवरून पडताना बराचसा वेग परत मिळवतात. खाली गवत नसेल, पालापाचोळाही झाडून नेला असेल, तर झाडाखालीही माती वाहून जाते. थेंब अडवायला जमिनीलगतचे आच्छादन लागते. ते बहुधा लावावेही लागत नाही. चराई थांबवली, की कमी पावसाच्या माळावर आधी कुसळीसारखी काटक गवते येतात. माती सावरल्यावर पवन्या, मारवेल. त्यांच्या आडोशाने बोर, बाभूळ, हिवर.

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची १६ हेक्टर उताराची नापीक जमीन खंडाने घेतली. उतारावर बांध, खाली पाझर तलाव, त्याखाली विहीर, आणि गवत व झाडांचे आच्छादन अशी रचना त्यांनी केली. तिथे माती थांबली, म्हणून पाणी थांबले. यातूनच पाणी पंचायतीची कल्पना पुढे आली : पाण्याचा वाटा जमिनीच्या नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर, भूमिहीनांनाही हक्क, आणि उसाला पाणी नाही.

हा शेवटचा भाग आम्हांला विज्ञानाइतकाच महत्त्वाचा वाटतो. चराईबंदीचा पहिला फटका ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत पण जमीन नाही, त्याला बसतो. त्याला काही मिळणार नसेल, तर बंदी टिकायची कशी? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने मोकाट चराई बंद केली, पण गवत कापून नेण्याची वाट खुली ठेवली. गोठ्यात चारा पोचला आणि मुळे जमिनीत राहिली.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. पत्र्याचे दोन सारखे ट्रे घ्या. दोन्हींच्या एका कडेला खाच करा. एकात नुसती माती, दुसऱ्यात गवतासह उचललेला मातीचा थर ठेवा. दोन्हींना सारखा उतार द्या आणि झारीने सारख्याच उंचीवरून सारखेच पाणी घाला. खाचेतून येणारे पाणी काचेच्या दोन पेल्यांत धरा. कोणत्या पेल्यात पाणी आधी येते, किती येते आणि रात्रभर ठेवल्यावर तळाशी किती गाळ बसतो, ते मुलांनाच मोजू द्या. मग त्यांना गावच्या ओढ्यावर न्या. तो गाळ कुणाच्या शेतातला, हा प्रश्न त्यांना आपोआप पडेल.