गुडघ्यातली गादी परत उगवते का?

आपल्या वयाच्या लोकांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : "सर, गुडघा बदलण्याआधी स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊन बघू का?" घ्या किंवा घेऊ नका हे सांगणारा मी डॉक्टर नव्हे. पण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हे आपल्याला कळलं पाहिजे. आजचा भाग त्यासाठी.

हाडांच्या टोकांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो. ही कूर्चा, म्हणजे कार्टिलेज. तिच्यात बहुतांश पाणी, कोलॅजनचं जाळं आणि मोजक्या पेशी असतात. रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. फौजी भाषेत सांगायचं तर ही अशी पुढची चौकी, जिथे रसदीचा रस्ताच नाही. कातडीला जखम झाली की रक्तातून दुरुस्तीची कुमक पोचते. इथे पोचत नाही, म्हणून कूर्चेतला खड्डा सहसा आपोआप नीट भरत नाही. नसा नसल्यामुळे दुखणंही उशिरा कळतं.

मग बाहेरून पेशी नेऊन सोडल्या तर? 1994 साली स्वीडनच्या डॉक्टरांनी 23 रुग्णांवरचा असा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि गुडघ्यातल्या खड्ड्यात भरल्या. उपचार पुढे रुळला, पण अडचणी राहिल्या. कूर्चेच्या पेशी मिळतात थोड्या, आणि बाहेर वाढवताना त्या आपला मूळ गुण विसरू लागतात.

म्हणून लक्ष गेलं मूलपेशींकडे, म्हणजेच स्टेम सेलकडे. अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या या पेशींना योग्य इशारे मिळाले तर त्या कूर्चेच्या पेशी होऊ शकतात. पण त्या नुसत्या सोडल्या तर खड्ड्यात टिकून राहत नाहीत. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, हे लक्षात घ्या.

इथे कामाला येतो स्कॅफोल्ड. दोडक्याच्या वेलाला मांडव लागतो, तसा पेशींना आधार लागतो. हा मांडव सच्छिद्र हवा, भार सोसणारा हवा, आणि नवी कूर्चा तयार होईल तसा विरघळणारा हवा. लवकर विरघळला तर वेल कोसळतो, उशिरा विरघळला तर वाढायला जागा उरत नाही. त्यासाठी कोलॅजन, हायल्युरॉनिक आम्ल, कोळंबीच्या कवचापासून मिळणारं कायटोसान असे पदार्थ वापरून पाहतात. आपल्या शेजारच्या रामनगरात ज्याच्या कोशांचा बाजार भरतो, त्या रेशमातलं प्रथिनही त्यात आहे. अमेरिकेत 2016 साली मंजूर झालेल्या उपचारात रुग्णाच्या पेशी कोलॅजनच्या पडद्यावर बसवून देतात. म्हणजे मांडव बाजारात आला, पण त्यावर मूलपेशी नाहीत, कूर्चेच्याच पेशी आहेत.

आता भारतातली स्थिती. मुंबईच्या रीग्रो कंपनीच्या, रुग्णाच्याच कूर्चापेशींपासून केलेल्या उपचाराला 2017 साली मंजुरी मिळाली. तो कूर्चेतल्या मर्यादित खड्ड्यासाठी आहे. आपल्या बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या 'स्टेमप्युसेल'ला 2022 साली गुडघ्याच्या झिजेसाठी मंजुरी मिळाली. यात निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी इंजेक्शनने देतात. शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडची झीज असलेले 146 रुग्ण होते. वेदना कमी झाल्या, हालचाल सुधारली. पण गादी नव्याने उगवली, असा याचा अर्थ घेऊ नका. इथे मांडव नाही. या पेशी मुख्यतः सांध्यातला दाह शांत करणारे इशारे देतात, असं मानलं जातं.

रस्त्यावरचा एक खड्डा बुजवणं वेगळं आणि पूर्ण उखडलेला रस्ता नव्याने करणं वेगळं. आपल्या वयात बहुतेकांचा रस्ताच उखडलेला असतो. जाहिरातीत मात्र दोन्हींना एकच नाव असतं. तेव्हा पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा :

1. माझ्या गुडघ्यात खड्डा आहे की सर्वत्र झीज? ग्रेड कोणती?
2. पेशी कुणाच्या, कुठून घेतलेल्या, कुठे वाढवलेल्या? पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स. त्या मूलपेशी नव्हेत.
3. औषधाचं नाव काय आणि त्याला औषध महानियंत्रकांची मंजुरी कोणत्या आजारासाठी आहे?
4. मंजुरी नसेल तर ही नोंदणीकृत चाचणी आहे का? चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

उत्तर गुळमुळीत आलं तर दुसऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनचं मत घ्या. तोवर मांडीचे स्नायू बळकट करा आणि वजन उतरवा. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. या उपायाला कुणाची मंजुरी लागत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.