बर्फातला लांबचा प्रवास: तयारी गाडीची, तशी शरीराचीही

नाताळची सुट्टी जवळ आली की पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरकडच्या नंबरप्लेटच्या गाड्या हिमाचलच्या रस्त्यांवर दिसू लागतात. पूर्वी शिमला-मनालीची सहल म्हणजे रेल्वे आणि तिथून टॅक्सी असा हिशेब होता. आता मोठे महामार्ग झाले, २०२० मध्ये ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि भर हिवाळ्यातही लाहौल आवाक्यात आले. किन्नौरमार्गे स्पीतीत जाऊन बर्फ पाहणारेही वाढले. घरून निघून स्वतःच्याच गाडीने सुमारे दोन हजार किलोमीटर जायचे आणि तितकेच परत यायचे, ही हौस आता नवी राहिलेली नाही.

मात्र बर्फ ही महाराष्ट्रातल्या चालकाच्या अनुभवात नसलेली गोष्ट आहे. भर पावसात आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरवणारा कसलेला हातही बर्फावर नवखाच असतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सोलंग नाला ते अटल बोगदा या पट्ट्यात अचानक झालेल्या हिमवृष्टीने सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि हजारो पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढले. त्या वेळी मोठी जीवितहानी टळली. पाकिस्तानातील मरी येथे मात्र ती टळली नाही. जवळपास शिमल्याइतक्याच उंचीवरच्या या थंड हवेच्या ठिकाणी ७ आणि ८ जानेवारी २०२२ च्या रात्री बर्फात गाड्या अडकून किमान २२ जणांचा मृत्यू झाला. हे लोक गिर्यारोहक नव्हते, सहकुटुंब बर्फ पाहायला आलेले पर्यटक होते. त्यांतले काही थंडीने गेले, तर काही गाडीत साचलेल्या विषारी वायूने गेल्याचे सांगितले गेले.

बंद काचांच्या आतला धोका

अडकलेल्या गाडीत माणसे इंजिन चालू ठेवतात, हीटर लावतात आणि काचा बंद करून बसतात. बाहेर बर्फ साचत जातो आणि मागचा सायलेन्सरचा पाइप त्यात बुजतो. मग इंजिनाचा धूर बाहेर न जाता गाडीच्या तळातून, फटींतून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते. त्यामुळे हवेतले त्याचे थोडे प्रमाणही शरीराला ऑक्सिजनपासून तोडायला पुरते.

सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि गुंगी. नेमकी हीच लक्षणे उंचीवरच्या विरळ हवेनेही होतात. त्यामुळे ‘उंचीचा त्रास आहे, थोडा वेळ झोप’ असे म्हणून त्या माणसाला झोपवले जाते आणि ती झोप जिवावर बेतते. करोनाच्या काळापासून अनेकांच्या सामानात असलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे तो आकडा चांगलाच दाखवतो. एक खूण मात्र उपयोगी आहे. गाडीतल्या किंवा खोलीतल्या सगळ्यांचेच डोके एकाच वेळी दुखू लागले, तर आधी या वायूचा संशय घ्यावा. लगेच मोकळ्या हवेत जावे आणि शक्य तितक्या लवकर ऑक्सिजन मिळेल अशी सोय पाहावी. मुक्कामाच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे.

म्हणून गाडीत एक लहान फावडे हवेच. अडकल्यावर पहिले काम म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढणे. बर्फ पडत राहिला तर हे काम पुनःपुन्हा करावे लागते. इंजिन सतत चालू न ठेवता तासाला साधारण दहा मिनिटे चालवावे आणि त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच थोडी खाली ठेवावी. सगळ्यांनी एकदम झोपू नये, एकाने आळीपाळीने जागे राहावे. मदतीच्या शोधात गाडी सोडून चालत निघू नये. बर्फ पडत असताना रस्ता आणि दरी यांतला फरक दिसत नाही, शिवाय बचाव पथकाला माणसापेक्षा गाडी लवकर सापडते. आरशाला किंवा अँटेनाला लाल-केशरी फडके बांधले की ती आणखी लवकर दिसते.

घर्षणाचे गणित

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला तीसेक मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर साठ मीटरच्या पुढे. चालकाला ब्रेक मारायचे सुचेपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही. वेग दुप्पट केला तर हे अंतर चौपट होते. चारही चाकांना ताकद देणारी गाडी बर्फातून निघायला आणि चढायला मदत करते, पण थांबताना तिचा काही फायदा नसतो. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच.

सर्वांत फसवा असतो तो पारदर्शक गोठलेला थर. तो नुसता ओला रस्ता वाटतो. पूल, ऊन न पोहोचणारी वळणे आणि रस्त्यावरून झरा वाहणाऱ्या जागा ही त्याची ठिकाणे. संध्याकाळी ऊन गेले की दिवसा वितळलेले पाणी पुन्हा गोठते. म्हणून अशा भागात सकाळी ऊन वर आल्यावर निघून दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचायचे, हा साधा नियम पाळावा. उतारावर खालचा गिअर ठेवावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटर, काहीही झटक्याने वापरू नये.

चाकांना बांधायच्या साखळ्या आधीच घ्याव्यात आणि घरच्या पार्किंगमध्ये एकदा बांधून पाहाव्यात. उणे पाच अंशांत, अंधारात, गोठलेल्या बोटांनी ते पहिल्यांदा शिकणे अवघड आहे. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते, त्यांनाच साखळ्या लागतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाके असतात. साखळ्या लावल्यावर गाडी सावकाश चालवावी आणि कोरडा रस्ता लागताच त्या काढाव्यात. बर्फ फार असेल तर आपली गाडी खालीच उभी करून स्थानिक चालकाची गाडी घेणे, यात काही कमीपणा नाही.

गाडीच्या तपासणीत काय पाहावे?

पहिली गोष्ट रेडिएटरमधली. कूलंट कमी झाले की साधे पाणी ओतून काम भागवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. इथल्या हवेत ते खपते. पण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि त्या जोराने इंजिनाचा ब्लॉकही तडकू शकतो. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली द्रव राहते. नुसते ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. म्हणजे ‘जास्त घातले की जास्त बरे’ हे इथे लागू नाही. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी चालत नाही.

दुसरी गोष्ट बॅटरी. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांना तिची क्षमता जवळपास निम्मी होते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले इंजिन ऑइल फिरवायला स्टार्टरला अधिक जोर लागतो. तीन-चार वर्षे वापरलेली बॅटरी घरी व्यवस्थित चालत असली, तरी निघण्याआधी तपासून घ्यावी.

तिसरी गोष्ट डिझेल. त्यातला मेणासारखा घटक थंडीत गोठू लागतो आणि फिल्टर तुंबतो. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. मैदानातल्या पंपावरचे डिझेल तसे नसते. म्हणून खालून टाकी पूर्ण भरून न नेता, वर चढण्यापूर्वी थंड भागातल्या पंपावर ती भरावी.

चौथी गोष्ट टायर. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने घटतो. पुण्याच्या ३० अंशांत भरलेली हवा उणे दहा अंशांना सातेक पीएसआयने कमी भरेल. पण उंचीवर बाहेरच्या हवेचाही दाब घटतो आणि त्यामुळे मीटरवरचा आकडा वर जातो. तीन हजार मीटरवर हा फरक चारेक पीएसआयचा असतो. दोन्ही परिणाम उलट दिशांचे आहेत, म्हणून अंदाज न बांधता रोज सकाळी थंड टायरचाच दाब मोजावा. मोजायचे छोटे यंत्र आणि हवेचा पंप सोबत असावा. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, कारण ओढलेला हँडब्रेक गोठून अडकण्याची शक्यता असते.

उंची आणि थंडी

अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. वय किंवा व्यायामाची सवय यावर तो ठरत नाही. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे, पण बोगद्यापलीकडचे सिस्सू तीन हजार मीटरच्या वर आणि काझा साडेतीन हजारांच्याही वर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. शिमला, कल्पा, ताबो असे मुक्काम करत काझा गाठणारा माणूस दोन दिवसांत तिथे पोहोचणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो. डोके दुखत असताना आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाणे, बडबडणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणे दिसली, तर रात्र असली तरी शक्य त्या मार्गाने खाली उतरावे. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

थंडीत वाऱ्याचा हिशेबही धरावा लागतो. हवा उणे पाच अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा, तर उघड्या त्वचेला ती उणे तेरा अंशांइतकी झोंबते. एका जाड जाकिटापेक्षा तीन पातळ थर बरे. अंगालगतचा कपडा सुती नको, कारण सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि अंग गार पाडतो. बोटे बधिर होऊन पांढरी पडली, तर ती चोळू नयेत आणि शेकोटीवरही धरू नयेत. कोमट पाण्यात हळूहळू ऊब द्यावी आणि तीही पुन्हा गोठण्याची भीती नसेल तेव्हाच. मद्याने गरम वाटते, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात. पण त्यामुळे शरीरातली ऊब झपाट्याने बाहेर जाते. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. गॉगल नसेल तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते. मुलांनाही गॉगल हवाच.

मधुमेहींनी इन्सुलिन गाडीत किंवा डिकीतल्या बॅगेत ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी असते. ते आणि ग्लुकोमीटर कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवावे, कारण फार थंडीत मीटरही चुकीचा आकडा दाखवू शकतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. हृदयविकार असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटावे आणि गाडी ढकलणे, बर्फ उपसणे अशी कामे इतरांवर सोडावीत. थंडीत तहान जाणवत नाही. त्यातच वाटेत स्वच्छतागृहे नसल्याने बायका पाणी पिणेच टाळतात. कोरड्या हवेत त्यामुळे शरीर लवकर शुष्क होते आणि डोकेदुखी वाढते. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवून घोट घोट पीत राहावे.

निघण्याआधी, आणि वाटेतही

बर्फ लागण्याआधी राजस्थान, हरियाणा, पंजाबचे मैदान पार करायचे असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिथे दाट धुके असते. सलग सतरा तास जागे असलेल्या चालकाची प्रतिक्रिया मद्य घेतलेल्या माणसासारखी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. ‘रात्रीतून मारू’ हा बेत इथे महागात पडतो. दोन चालक, दिवसाचा प्रवास आणि धुक्यात लो बीम, एवढे तरी पाळावे.

गाडीत प्रत्येकासाठी एक ब्लँकेट, एका दिवसाचे पाणी, चिक्की, शेंगदाणे, लाडू, टॉर्च, पॉवर बँक, दोरखंड, जम्पर केबल आणि मूठ-दोन मूठ वाळूची पिशवी असावी. फसलेल्या चाकाखाली टाकायला ती वाळू कामाला येते. फोनची बॅटरीही थंडीत लवकर उतरते, म्हणून फोन अंगाजवळ ठेवावा. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. रोजचा मार्ग आणि पोहोचण्याची वेळ घरी कोणाला तरी कळवावी आणि आपत्कालीन ११२ क्रमांक सर्वांना ठाऊक असावा.

हिमालयातला हिवाळी बर्फ बहुतांशी पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे पडतो आणि हवामान खाते त्याचा इशारा आधी देते. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी पुढे जायचे नाही, हे सहलीला निघण्यापूर्वीच ठरवलेले असावे. कारण हॉटेलचे पैसे भरलेले असतात, मुले बर्फासाठी हट्ट करत असतात, पुढची गाडी निघालेली असते आणि त्या घडीला थांबण्याचा निर्णय घेणे कठीण जाते. त्यासाठी बेतातच दोन दिवस मोकळे ठेवावेत. ते वापरावे लागले नाहीत, तर परतीच्या वाटेवर सावकाश खर्च करता येतात.