कुस्त्यांच्या फडाचा जमाखर्च

जत्रेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी हलगी कडाडू लागते, तांबड्या मातीच्या हौदाभोवती माणसांचे कडे जमते आणि पोरांची पहिली जोड नारळावर लागते. पाहणाऱ्याचे सारे लक्ष डावपेचांकडे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु मांडवाच्या कोपऱ्यात वही मांडून बसलेल्या गृहस्थाकडे क्वचितच कोणाची दृष्टी जाते. वास्तविक पुढल्या वर्षी त्या गावी हलगी वाजणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या वहीवर ठरते. मल्लांच्या अभावी फड मोडण्याचा प्रसंग विरळा. पैशाची मांडणी चुकल्यामुळे मोडण्याचा मात्र वारंवार येतो.

पूर्वी ही चिंता गावाला नव्हती. कुस्तीच्या खर्चाचा धनी राजा असे, अथवा जहागीरदार असे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती १९०२ मध्ये विलायतेस गेले असता त्यांनी रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृह पाहिले, आणि तशा धर्तीचे खासबाग मैदान आपल्या राजधानीत बांधविले. ते १९१२ मध्ये खुले झाले. मधोमध हौद आणि सभोवार चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना असल्यामुळे हजारो माणसांना एकमेकांच्या डोक्यांचा अडथळा न होता कुस्ती दिसते. खर्च एकदाच झाला, पण त्याचा उपयोग शंभराहून अधिक वर्षे होत आहे. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य भारतात आले आणि पुढील वर्षी जहागिऱ्या संपुष्टात आल्या. १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानही मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रय गेला, परंतु कुस्तीची हौस गेली नाही. १९६१ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ची पहिली स्पर्धा मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादेस झाली व दिनकर दह्यारी हे तीत विजयी झाले. गावोगावच्या फडांचा भार मात्र लोकवर्गणीवर पडला, आणि वर्गणीचा पैसा खजिन्यातील पैशाप्रमाणे वागत नाही.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे मोठे धरण आहे. त्या परिसरातील एखादे लहानसे गाव कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. गावाची यात्रा चैत्रात भरते आणि यात्रा कमिटीने दुसऱ्या दिवशी कुस्त्या ठेवल्या आहेत. वर्गणीच्या यादीवर एक लाख रुपयांचे आकडे पडले आहेत. येथे पहिली खबरदारी घ्यावयाची ती ही, की यादीवरील आकडा म्हणजे पैसा नव्हे. कोणाची हळद विकावयाची असते, कोणाचा मुलगा पुण्याहून पाठविणार असतो. यात्रेच्या आठ दिवस आधी जेवढी रक्कम प्रत्यक्ष हाती आली असेल, तेवढ्यावरच फड मांडावा. ती ऐंशी हजार आहे असे धरू.

ह्यातून पहिला घास माती घेते. पूर्णाकाठची जमीन काळी. ओली झाली की चिकटते आणि वाळली की दगडासारखी होऊन भेगाळते. अशा जमिनीवर मल्लास पाठीवर आपटणे म्हणजे त्याचा खांदा मोडणे होय. तेव्हा हौद खणून त्यात तांबडी, मऊ माती बाहेरून आणून भरावी लागते. तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस व काव घालून ती अनेकदा उलथीपालथी करावी लागते. नंतर मांडव, दोरखंड, ध्वनिक्षेपक, हलगीवाले, पंचांचे मानधन, फेटे, नारळ, बाहेरगावच्या मल्लांचे जेवण, आणि एक डॉक्टर. हा शेवटचा खर्च टाळण्याकडे पुष्कळांचा कल असतो. हाड सांधण्याचा खर्च अंगावर येईपर्यंत त्याची किंमत कळत नाही. ह्या साऱ्यांस मिळून बावीस हजार लागले आणि अकस्मात येणाऱ्या गरजेसाठी सहा हजार बाजूस ठेवले, तर इनामांसाठी बावन्न हजार उरतात.

खरा पेच येथून पुढे आहे. शेजारच्या गावाने शेवटच्या कुस्तीस पंचवीस हजार लावले, म्हणून आपण एकतीस लावावे, अशी ईर्ष्या कमिटीत हटकून उत्पन्न होते. छापील पत्रकावर तो आकडा मोठ्या अक्षरांत शोभतो, ही गोष्ट खरी. पण हिशेब पाहावा. शेवटच्या कुस्तीस एकतीस हजार आणि तिच्या अगोदरच्या दोन कुस्त्यांस पाच-पाच हजार दिल्यावर अकरा हजार राहतात. त्यांतून लहान मुलांच्या नारळ-रेवड्यांच्या कुस्त्यांस एक हजार गेले. संध्याकाळपर्यंत मैदान गाजते ठेवावयाचे तर आणखी पासष्ट कुस्त्या तरी हव्यात, आणि त्यांच्यासाठी आता दहा हजार आहेत. दर कुस्तीस दीडशेच्या आसपास पडले. हिंगोलीकडून एस. टी.ने आलेल्या पोराच्या हाती जिंकूनही जाण्यायेण्याचे भाडे वजा जाता काय उरणार? त्याच्या घरी दूध, तूप, बदाम ह्यांचा खुराक आईबाप पोटास चिमटा घेऊन पुरवीत असतात. तो मुलगा पुढल्या वर्षी येत नाही. त्याचा वस्तादही आपल्या तालमीतील इतर मुलांस दुसऱ्या गावी नेतो.

आता तेच बावन्न हजार निराळ्या रीतीने मांडावे. शेवटची कुस्ती पंधरा हजारांची. तिच्या आधीच्या दोन, पूर्वीप्रमाणेच पाच-पाच हजारांच्या. मग पाच कुस्त्या दोन-दोन हजारांच्या, दहा सातशेंच्या, वीस तीनशेंच्या व तीस शंभराच्या. नारळ-रेवड्यांचे हजार वेगळे. बेरीज बरोबर बावन्न हजार होते आणि त्या मधल्या पासष्ट कुस्त्यांची सरासरी चारशेवर जाते. पैसा तोच, माणसे तेवढीच. पण शंभरात जिंकणाऱ्या मुलास तीनशेंची पायरी दिसते, तीनशेंवाल्यास सातशेंची दिसते, आणि प्रेक्षक गेल्या वर्षी शंभरात पाहिलेल्या पोराला ह्या वर्षी वरच्या पायरीवर ओळखू लागतात. ओळखीचा मल्ल पाहावयास माणूस चार कोस चालून येतो; अनोळखी नामांकितास पाहावयास एकदा येतो, दर वर्षी येत नाही. मुलींच्याही कुस्त्या अलीकडे जत्रांत लागू लागल्या आहेत. त्यांची पायरी मुलांच्या पायरीपेक्षा खाली ठेवण्यास काही कारण नाही.

शेवटच्या मोठ्या कुस्तीचा आणखी एक दोष असा, की ती पुष्कळदा निकाली होत नाही. दोन तुल्यबळ मल्ल. दोघांसही पुढल्या आठवड्यात दुसरे मैदान असते. दुखापत कोणासच नको असते. पाऊण तास ते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून फिरतात आणि कुस्ती बरोबरीत सुटते. कित्येकदा तर हे आधीच ठरलेले असते. अशा लढतीस आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. तोवर अंधार पडतो, दिव्यांसाठी भाड्याचे यंत्र लावावे लागते, शेवटची गाडी चुकेल म्हणून लोक उठून जाऊ लागतात. ह्यावर काही कमिट्या बरोबरीस इनाम नाही अशी अट घालतात. ती अट कडक आहे खरी, परंतु न्याय्य नाही. कारण लांबून आलेल्या मल्लाचा प्रवास व खुराक फुकट जातो, आणि पुढे तो येण्याचेच नाकारतो. त्यापेक्षा रकमेचे दोन भाग करावेत. पंधरा हजारांपैकी पाच हजार दोघांत खर्चीदाखल निश्चित द्यावेत व दहा हजार केवळ चीतपट करणाऱ्यासाठी ठेवावेत. हे पत्रकावर आधीच छापावे; मैदानात उभे राहून घासाघीस करू नये. कुस्ती सुटली नाही तर ते दहा हजार पुढील वर्षाच्या मातीस उपयोगी पडतात.

मुंबईच्या तिकिटांच्या कुस्त्यांचे अर्थशास्त्र ह्याहून निराळे. तेथे दारासिंग व किंग काँग ह्यांच्या लढतींस लोटलेली गर्दी जुन्या माणसांच्या स्मरणात आहे. १९६८ मध्ये दारासिंगांनी लू थेझ ह्या अमेरिकन मल्लास मुंबईतच हरविले. त्या प्रकारच्या खेळात निकाल बहुधा आधी योजलेला असतो. त्यामुळे भरविणाऱ्यास बरोबरीचे भय नसते. कोणास केव्हा जिंकवावे आणि आजच्या पराभवातून पुढल्या महिन्याची तिकिटे कशी विकावीत, एवढीच त्याची विवंचना. हल्ली ह्या धंद्याचे संगणकावरील खेळही निघाले असून सुशिक्षित घरांतील मुले ते आवडीने खेळतात. त्यांत खेळणारा मल्ल होत नाही, व्यवस्थापक होतो. मल्लांशी करार करावयाचे, सभागृह ठरवावयाचे, तिकिटांच्या उत्पन्नातून बिदागी भागवावयाची. नवशिक्याची पहिली चूक तेथेही तीच! तो नामांकितांस प्रत्येक कार्यक्रमात बोलावितो, सभागृह भरते, पण तिकिटांच्या पैशांपेक्षा बिदागी अधिक होते आणि खजिना रिकामा होतो. जाणता खेळाडू मोठे नाव थोड्या वेळा आणतो व मधल्या काळात हाताखालील तरुणांस वाढवितो. यंत्रावर बुडालेले पैसे पुन्हा खेळ मांडून परत मिळतात. गावच्या वर्गणीस ती सोय नाही.

फडाच्या पैशाचे सामर्थ्य दिसावयाचे असेल तर गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची हकीकत पाहावी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांच्यापाशी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कराडकडील लोकांनीही यथाशक्ति भर घातली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः त्यात लढले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांच्या घरावरील कर्ज फेडले. ते कर्ज फिटले ते हौदाभोवती बसलेल्या माणसांच्या पैशातून.

काटकसरीच्या दोन-तीन लहान गोष्टी राहिल्या. बसण्यासाठी लाकडी गॅलरी भाड्याने आणण्यापेक्षा ओढ्याचा अथवा टेकडीचा उतार शोधावा. खासबागेत जे राजाने बांधून घेतले, ते जिंतूरच्या डोंगराळ बाजूस निसर्गाने फुकट करून ठेवले आहे. लहान कुस्त्या एकेक न लावता हौदात दोन-तीन जोडी एका वेळी लावाव्यात. वेळ वाचतो आणि दिव्यांचा खर्च टळतो. जिंकलेला पोरगा कड्याभोवती फिरतो तेव्हा लोक त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतात. ते पैसे त्याचेच असू द्यावेत, कमिटीने त्यांत वाटा मागू नये. आणि मैदान संपल्यावर हौदातील तांबडी माती तशीच पावसात सोडू नये. ती उकरून, चाळून शाळेच्या अथवा देवळाच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवली, तर पुढल्या चैत्रात तिच्यात नवे ताक आणि हळद तेवढी घालावी लागते.