मज्जारोपण समजून घेताना – भाग ७ : बुरशी, औषध आणि मुलाचं यकृत

मूळपेशी देण्याआधीच्या केमोथेरपीबद्दल आपण मागच्या भागात वाचलं. या केमोथेरपीने रक्तातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी जवळपास संपतात. नव्या पेशी रुजून त्यांची संख्या दर मायक्रोलिटरला ५०० च्या वर जायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्या काळात बुरशीला रान मोकळं मिळतं.

अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आकार जेमतेम दोन-तीन मायक्रॉन, त्यामुळे श्वासाबरोबर ते फुप्फुसात खोलवर पोचतात. रोपणाच्या खोलीत हेपा फिल्टर लावतात तो यासाठी. कँडिडा तर मुलाच्या आतड्यातच असते. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत महाराष्ट्राने धसका घेतला, तो म्युकरमायकोसिसचा धोकाही इथे असतो.

प्रतिजैविकं चालू असूनही ताप चार दिवस हटला नाही, की बुरशीचा संशय येतो. छातीचा सीटी स्कॅन, रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या पेशीभित्तिकेतला घटक) अशा तपासण्या होतात. पण लहान मुलांच्या स्कॅनमध्ये मोठ्यांसारख्या ठळक खुणा बऱ्याचदा दिसतच नाहीत. म्हणून पक्कं निदान होण्याआधीच औषध सुरू करावं लागतं.

कँडिडासाठी मायकाफंजिन किंवा कॅस्पोफंजिन देतात आणि शक्य असेल तर मुलाची सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) काढतात. म्युकरला लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी आणि अनेकदा शस्त्रक्रियाही लागते. अ‍ॅस्परजिलसवरचं मुख्य औषध व्होरिकोनाझोल. ते म्युकरवर चालत नाही.

खरी कसोटी लागते ती व्होरिकोनाझोलच्या मात्रेची. पहिल्या दिवसाच्या वाढीव मात्रेनंतर प्रौढांना शिरेतून दर बारा तासांनी किलोमागे ४ मिलिग्रॅम देतात. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र ८. लहान वयात यकृत हे औषध फार झपाट्याने निकालात काढतं. वजनाच्या हिशेबाने मोठ्यांचीच मात्रा दिली, तर औषध योग्य असूनही बुरशी वाढत राहते. शिवाय जनुकांमुळे दोन मुलांमध्येही मोठा फरक पडतो. म्हणून पुढच्या डोसच्या आधी रक्त घेऊन औषधाची पातळी मोजतात. ती लिटरला साधारण १ ते ५.५ मिलिग्रॅम हवी. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर यकृताला इजा होऊ शकते किंवा भास होऊ शकतात.

दुसरा पेच सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसचा. जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी मुलाच्या शरीरावर केलेला हल्ला, टाळण्यासाठी ती दिलेली असतात. व्होरिकोनाझोलमुळे ही औषधं रक्तात साठतात. म्हणून ते सुरू करताना सायक्लोस्पोरिन निम्म्यावर, टॅक्रोलिमस एक तृतीयांशावर आणतात. व्होरिकोनाझोल थांबवताना त्यांची मात्रा पुन्हा वाढवली नाही, तर जीव्हीएचडी उसळू शकतो.

अ‍ॅस्परजिलसवरचे उपचार किमान सहा ते बारा आठवडे चालतात. स्टेरॉइड चालू असतील तर त्याहून जास्त. घरी आल्यावर पालकांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात: व्होरिकोनाझोलची गोळी जेवणाआधी किंवा नंतर एक तासाचं अंतर ठेवून, कडक उन्हापासून त्वचेचा बचाव, आणि रोपणतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही औषध सुरू किंवा बंद करायचं नाही.

(पुढच्या आठवड्यात : जीव्हीएचडी म्हणजे काय?)