नागपुरात दोन दिवस: ऐकीव आणि खरं

लग्नाला, परीक्षेला किंवा ताडोब्याच्या वाटेवर नागपुरात उतरलेला पाहुणा बहुधा एकच विचारतो, ‘बघण्यासारखं काय आहे हो इथे?’ उत्तरही ठरलेलं. झीरो माइलपाशी फोटो, संत्रा बर्फीचा डबा, संध्याकाळी फुटाळा तलाव. यात वावगं काही नाही. पण रेल्वेलाइनच्या पूर्वेचं जुनं शहर या यादीत येतच नाही, आणि जे येतं त्याच्याविषयी सांगितलेलं निम्मंअधिक ऐकीव असतं.

झीरो माइलपासूनच सुरुवात करू. वाळूच्या दगडाचा स्तंभ, शेजारी उधळलेले चार घोडे, आणि ‘हा भारताचा मध्यबिंदू’ हे ठरलेलं वाक्य. हा दगड इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला आहे. तिथली १९०७ सालची खूण उंची मोजण्यासाठीची आहे. समुद्रसपाटीपासून ती सुमारे १,०२० फुटांवर येते. स्तंभाच्या पायथ्याशी गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत. ती नीट वाचा: सिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, जबलपूर, हैदराबाद. दिल्ली, कलकत्ता त्यात नाहीत. देशाचा मध्य सांगायला निघालेल्या माणसानं ही यादी कोरली नसती. शिवाय फाळणीनंतर नकाशा बदलला, आणि आजच्या भारताचा भौगोलिक मध्य म्हणून मध्य प्रदेशाच्या कटनी जिल्ह्यातलं करौंदी दाखवलं जातं. फोटो जरूर काढा, दहा मिनिटं पुरतात.

समोरच्या टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला. ‘भोसल्यांचा किल्ला’ म्हणून तो पाहायला जाणाऱ्याची दोनदा फसगत होते. एक तर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली ती या टेकड्यांवर. किल्ला उभा राहिला तो त्यानंतर, जिंकलेल्या इंग्रजांच्या हातून. दुसरं, तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन अशा मोजक्या दिवशीच लोकांना आत सोडतात. १९२३ साली गांधीजींना इथे कैदेत ठेवलं होतं, असंही सांगितलं जातं. पण मार्च १९२२मध्ये शिक्षा झाल्यापासून फेब्रुवारी १९२४मध्ये सुटका होईपर्यंत गांधीजी येरवड्याचे कैदी होते, त्यामुळे ही कथा काही जुळत नाही.

भोसल्यांच्या नावावर आणखी एक गोष्ट खपते: नागपूर वसवल्याची. शहर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, इथली लहान लहान खेडी एकत्र जोडून. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं तट बांधला, तलाव बांधला. तो तलाव म्हणजे आजचा गांधीसागर, जुन्या लोकांचा जुम्मा तलाव; आणि तटाचा जुम्मा दरवाजा म्हणजे महालातलं गांधी गेट. रघूजी भोसले त्यानंतर आले. म्हणून पहिली सकाळ सीताबर्डीत न घालवता लाइन ओलांडून महाल-इतवारीत घालवावी, असं माझं मत. तलावाजवळ एम्प्रेस सिटी नावाचा मॉल दिसेल. जमशेदजी टाटांची १ जानेवारी १८७७ला सुरू झालेली एम्प्रेस मिल याच जागी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलात तर महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. ती मात्र चुकवू नका.

दीक्षाभूमीबद्दलचे गैरसमज जास्त जुने आणि जास्त महत्त्वाचे. १४ ऑक्टोबर १९५६ला डॉ. आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणींकडून इथे धम्मदीक्षा घेतली आणि लगोलग लाखो अनुयायांना दिली, हे सर्वांना माहीत असतं. मग शेंडा जोडला जातो: संघाचं मुख्यालय नागपुरात म्हणून मुद्दाम हे शहर निवडलं. ही कुजबूज तेव्हाही होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतःच ती खोडून काढली. त्यांनी दिलेलं कारण इतिहासातलं होतं: बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोक, त्यांची इथली वस्ती, आणि शहरातून वाहणारी नाग नदी. त्या नदीचं आज आपण काय केलंय ते पुलावरून जाताना कळतंच.

दुसरा घोटाळा स्तूपाचा. पाहुणे समजतात की तो १९५६च्या सुमाराचा. प्रत्यक्षात लोकार्पण झालं १८ डिसेंबर २००१ला, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते. सांचीचा स्तूप भरीव, हा आतून पोकळ. घुमटाखाली उभं राहिलं की तो केवढा आहे ते कळतं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे निराळं ठिकाण, शहराबाहेरचं. दोन्ही एकच समजून रिक्षावाल्याशी वाद घालू नये. दसऱ्याला दीक्षाभूमीवर एवढी गर्दी असते की खोली मिळणं मुश्किल. पण पुस्तकांचे स्टॉल बघायचे असतील तर तोच दिवस.

जेवणाकडे वळू. ‘नागपूरचं वऱ्हाडी जेवण’ म्हणणाऱ्याला नागपूरकर दुरुस्त करतो: वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा. इथलं खास ते सावजी, हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं. भाजलेल्या काळ्या मसाल्याचं आणि परंपरेनं जवसाच्या तेलातलं. नुसतं जहाल म्हणून त्याची ख्याती झाली, हा त्या मसाल्यावर अन्यायच. शाकाहारी माणसानंही घाबरू नये, पाटवडी रस्सा मागवावा. सकाळी गाडीवर चण्याची तर्री घातलेले पोहे, तेही साडेनवाच्या आत.

उन्हाळ्याची कीर्ती खरी आहे. २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मात्र मे २०२४च्या अखेरीस देशभर फिरलेला ५६ अंशांचा आकडा स्वयंचलित केंद्राच्या बिघडलेल्या सेन्सरचा होता, असं हवामान खात्यानंच सांगितलं. आणि डिसेंबरात स्वेटर न आणणारेही पस्तावतात: २९ डिसेंबर २०१८ला इथे ३.५ अंश होतं.

वाघासाठी ताडोब्याला पळणाऱ्यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि मंगळवारी बंद असतो एवढं लक्षात ठेवावं. उरलेल्या अर्ध्या दिवसात रामटेक होतं. कालिदासाचा रामगिरी तो हाच, हे वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. छत्तीसगडचं रामगड हा दुसरा दावेदार आहे. वादाचा निकाल काहीही लागो, टेकडीवरचं वाकाटककालीन केवल-नरसिंह मंदिर पाहण्यासारखं आहे, आणि तिथे गर्दीही कमी.

राहिली संत्री. शहरात बागा शोधू नका. त्या काटोल, नरखेड आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडे. फळ बारमाही नसतं: आंबिया बहाराचं दिवाळीच्या आगेमागे येतं, मृग बहाराचं फेब्रुवारीनंतर. मे महिन्यात लग्नाला आलात तर बर्फीवर भागवा.