कंपनी बदलली, थकबाकी निघाली

ब्रिटनमध्ये गॅस-विजेची कंपनी बदलली की जुन्या कंपनीने सहा आठवड्यांत शेवटचं बिल द्यायचं असतं. त्यात कधी शेकडो पौंडांची थकबाकी निघते. बहुतेकदा मीटर न वाचताच महिनोन्‌महिने अंदाजाने आकारणी झालेली असते. घाबरून लगेच पैसे भरू नका. रीडिंगपुढे ‘ई’ असेल तर तो आकडा अंदाजाचा. बदलाच्या दिवशी काढलेला मीटरचा फोटो अशा वेळी कामी येतो. बिलाच्या तारखेआधी बारा महिन्यांपेक्षा जुना, कधीच न आकारलेला वापर कंपनीला वसूल करता येत नाही. ग्राहकाने मीटर पाहूच दिला नसेल, तर गोष्ट वेगळी. उरलेलं खरं देणं हप्त्यांनी फेडायची सोय मागा. कंपन्या ती आपणहून सांगतीलच असं नाही. कंपनीकडे केलेली तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार-निवारकाकडे जाता येतं, तेही फुकट.